थोरलीच्या कडेवर

माझी थोरली बहीण उभी राहिली की तिची डावी कंबर बाहेर येते. लग्नकार्यात फोटो काढताना फोटोवाला दर वेळी सांगतो, मावशी, जरा सरळ उभ्या राहा. ती म्हणते, सरळच उभी आहे की. सात वर्षांची असल्यापासून त्या कडेवर कुणी ना कुणी बसलेलं होतं. आधी मी, मग भाऊ, मग त्याच्या पाठची बहीण. हाडं धरायच्या वयात पोरीच्या कडेवर पोर दिलं की कंबर तशीच होऊन बसते. हे मला कुणा डॉक्टरनं सांगितलेलं नाही. मी त्या कडेवर बसून मोठी झाले.

आमची आई विड्या वळायची. पंचवटीत, पेठ नाक्याच्या पुढं एक विडीचा कारखाना होता. कारखाना म्हटल्यावर यंत्रं नि भोंगे डोळ्यापुढं आणू नका. पत्र्याची एक लांबलचक शेड, खाली शेणानं सारवलेली जमीन आणि भिंतीला पाठ लावून ओळीनं बसलेल्या बायका. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखूची भुकटी आणि भिजवलेली टेंभुर्णीची पानं. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. त्या भुकटीनं आईच्या लुगड्याला, केसांना, हातच्या भाकरीलाही वास यायचा. बाप पिंपळगाव बसवंतला कांद्याचे ट्रक भरायचा आणि तिकडंच राहायचा. महिन्या दोन महिन्यांनी घरी यायचा, तेव्हा आम्ही त्याला पाहुण्यासारखं बघायचो.

मग लेकरांना कुणाकडं ठेवायचं? सासू नाही, जाऊ नाही, शेजारीण तिच्याच सुपापुढं बसलेली. घरोघरी एकच उत्तर होतं, ते म्हणजे थोरली मुलगी. कारखान्याच्या फाटकाबाहेर एक लिंब होता. त्याच्याखाली सकाळपासून दहा-पंधरा पोरी बसलेल्या असायच्या, प्रत्येकीच्या मांडीवर एकेक पोर. पाजायची वेळ झाली की त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. लोक त्यांच्याकडं बघून म्हणायचे, किती गुणाच्या पोरी. डोंबल गुणाच्या. समोरच म्युनिसिपालटीची शाळा होती, तिथून पाढे ऐकू यायचे, आणि ह्या गुणाच्या पोरी लिंबाखाली बसून मुतलेली दुपटी वाळवायच्या. माझ्या बहिणीचं नाव पहिलीत घातलं होतं. दिवाळीच्या आत ते कमी झालं.

उन्हातान्हात तान्ह्या पोरांना बाहेर ठेवणं जिवावर यायचं, म्हणून काही बाया त्यांना गुपचूप आत आणायच्या आणि सुपाच्या आडोशाला निजवायच्या. मुकादम कानाडोळा करायचा. पण कारखान्यात पोरं दिसली की कायद्यानं मालक अडचणीत यायचा. सरकारी साहेब तपासणीला आला की फाटकावरचा म्हातारा काठीनं पत्रा वाजवायचा आणि एका ओळीतून दुसरीत निरोप जायचा, पाहुणे आले. तेवढं ऐकलं की पोरं पानांच्या पोत्यांमागं नाहीतर मागच्या खिडकीतून बाहेर. साहेब येईपर्यंत शेडमध्ये एक पोर दिसायचं नाही आणि सगळ्या बाया मान खाली घालून विड्या वळत असायच्या. हे मुकादमानंच शिकवलं होतं. वर्षानुवर्षं तेच केल्यावर बायांच्या अंगात ते इतकं भिनलं होतं की पत्रा वाजला की डोकं विचार करायच्या आत हात पोराकडं जायचे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी कारखान्यात पाळणाघर निघालं. मालकाला काही एकाएकी पाझर फुटला नव्हता. इतक्या बायका कामाला असल्या की मालकानं आपल्या खर्चानं त्यांच्या मुलांची सोय करायची, असा कायदा होता आणि बरीच वर्षं टाळून झाल्यावर एकदाचं त्याला ते करावं लागलं. शेडच्या मागच्या अंगाला एक खोली रिकामी केली. आड्याला झोळ्या टांगल्या, सतरंजी अंथरली आणि पोरांना सांभाळायला एक बाई ठेवली.

ती बाई बौद्ध वाड्यातली होती. चार पोरांची आई, उंच, आवाजानं जरा खरखरीत. झालं, पहिल्याच दिवशी कुजबुज सुरू. तिच्या हातचं दूध आपल्या पोरांनी कसं प्यायचं? आमची आईसुद्धा कुजबुजणाऱ्यांतलीच होती, उगाच सोवळं सांगत नाही. स्वतःच्या घरात मिठाला महाग, पण ऐट केवढी! आठवडाभर खोली निम्मी रिकामी राहिली. मग एका दुपारी फाटकाबाहेर भाऊ भुकेनं रडून रडून निळा पडायला आला. त्या बाईनं आईला विचारलं नाही की काही नाही, त्याला थोरलीच्या हातून उचललं, खांद्यावर टाकलं आणि वाटीनं दूध पाजलं. तो तिच्या खांद्यावरच झोपला. आईनं ते फाटकातून बघितलं आणि गुमान परत जाऊन सुपापुढं बसली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं पाळणाघरात आणि थोरलीची कड रिकामी.

तिला त्याच आठवड्यात परत शाळेत घातलं. दहा वर्षांची घोडी दुसरीत बसली, पोरं हसायची. पण ती हुशार होती हो. लिंबाखाली बसून ऐकलेले पाढे तिला आधीच पाठ होते. वर्ष सरायच्या आत गुरुजींनी तिला तिसरीत ढकललं आणि वर्गाची मॉनिटर केलं. शाळेतून निळा स्कर्ट मिळाला होता, तो आखूड झाला तेव्हा तिनं स्वतः त्याची दुमड उसवून तो लांब केला. चौथी झाली की नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मधल्या सुट्टीत ती धावत पाळणाघरात यायची, भावाचा मुका घ्यायची आणि परत धावत जायची. धावताना ती अगदी सरळ दिसायची.

त्या बाईला थोरलीचं फार कौतुक. मी चार-पाच वर्षांची असेन. मला मांडीवर घेऊन वेणी घालताना ती सारखं म्हणायची, तुझ्या ताईवाणी शीक बरं का. तिच्या स्वतःच्या पोरी शाळेत जायच्या. शिकायचं म्हणजे शिकायचं, त्यात तिच्याकडं दुसरा विचारच नव्हता.

मग तो दिवस आला. त्या सकाळी मुकादमानं बाईला बाजारात धाडलं, झोळ्यांना नवं कापड आणायचंय म्हणून. एरवी फाटलेल्या झोळीला ठिगळ लावायलासुद्धा तो दोरा देत नसे. आम्ही पोरं खोलीत होतो. मोठ्या पोरांनी लहानांकडं बघायचं, असं बाई सांगून गेली होती. उन्हं चढली असतील नसतील, तोच फाटकाकडून पत्रा वाजल्याचा आवाज आला.

आता बघा, पाळणाघर हे कायद्याचं होतं. साहेब ते बघायलाच आला होता. मालकानं वर लिहून दिलं होतं की बायका मुलं आणतच नाहीत, खोली रिकामी पडते, खर्च फुकट जातो. ते खरं की खोटं याची खात्री करायला तो आला होता. म्हणजे जन्मात पहिल्यांदा एखादा साहेब आमच्या बाजूनं आला होता, आणि त्या दिवशी खोलीत भरपूर पोरं दिसणं हेच आमच्या फायद्याचं होतं. पण हे बायांना कुणी सांगितलं? मुकादमाला ठाऊक होतं, तो पान चघळत उभा राहिला. शेडमध्ये नेहमीसारखा निरोप फिरला, पाहुणे आले, आणि सगळ्या आया सुपं टाकून पाळणाघराकडं धावल्या.

मला अजून दिसतंय. कुणी पोराला काखोटीला मारून निघाली, कुणी झोळीतून झोपलेलं उचललं. आईनं आधी मला मागच्या खिडकीतून खाली सोडलं. बाहेर कातरलेल्या पानांचा ढीग होता, त्यावर मी पडले. मग भावाला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तोंड दाबून धर त्याचं. मी धरलं. तो माझ्या हाताखाली धडपडत होता, त्याची लाळ माझ्या बोटांतून गळत होती. आई सगळ्यांच्या मागं राहिली होती. ती खिडकीपासून वळते तोवर साहेब दारात उभा.

खिडकीच्या पत्र्याला फट होती. साहेब तरुण होता, चष्मेवाला. त्यानं खोलीभर नजर फिरवली. कुणीच नाही, सतरंजी आणि झोळ्या. एक झोळी अजून हलत होती. ती त्यानं हातानं थांबवली. मुकादम म्हणाला, वारा. मग साहेब आईकडं वळला. तो रागावला नाही, उलट हळू आवाजात म्हणाला की घाबरू नका बाई, मी तुमच्यासाठीच आलोय. आणि विचारलं, "तुम्हाला लहान मूल आहे का?"

"नाय साहेब," आई म्हणाली. "मला लेकरूबाळ नाय."

माझ्या हाताखालून भाऊ निसटला आणि त्यानं एकदा भोकाड पसरलं. मी परत तोंड दाबलं. आत आई तशीच उभी. तिनं पदर छातीवर ओढून घेतला, पण चोळी दुधानं भिजलेली मला फटीतूनसुद्धा दिसत होती. साहेबाला दिसली असेल की नाही, देव जाणे. त्याचं लग्न तरी झालं होतं की नव्हतं. तो म्हणाला, बरं, आणि निघून गेला.

बाई बाजारातून आली तेव्हा पोरं परत सतरंजीवर खेळत होती. काय झालं ते कळल्यावर ती मटकन खाली बसली. तिला तिच्या वाड्यातल्या कुणा शिकलेल्या माणसानं कायदा समजावून सांगितला होता. ती आयांना म्हणाली, अगं बायांनो, लपवायचं तेव्हा लपवा, दाखवायच्या वेळी कशाला लपवलंत? कापडाचं गाठोडं तिच्या मांडीवर तसंच होतं.

महिन्याभरात झोळ्या उतरल्या. खोलीत पानांची पोती रचली. बाईला घरी पाठवलं. जाताना ती फाटकाशी थांबली, भावाला एकदा उचलून घेतलं आणि तो तिला सोडेना. आईनं त्याची बोटं एकेक करून तिच्या लुगड्यावरून काढली. पुढं ती कुठं गेली, आम्हाला कधी कळलं नाही.

त्या संध्याकाळी आईनं थोरलीला जवळ बसवलं आणि सांगितलं, चारच दिवस घरी राहा, मी काहीतरी सोय बघते. थोरलीनं मान हलवली. तिनं दप्तर फळीवर ठेवलं आणि स्कर्टची घडी घालून त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली बसायला गेली ती घरातला फ्रॉक घालून. शाळेतून पोरं तिला हाका मारत होती आणि ती खुणेनं सांगत होती, चार दिवस.

आईवर मी पुष्कळ वर्षं चिडलेली होते. तरी तिनं सोय बघितलीच नाही असं नाही. दिंडोरीकडच्या तिच्या म्हाताऱ्या मावशीला बोलावून घेतलं. तिला डोळ्यांनी दिसायचं नाही, ती पावसाळ्याच्या आधी परत गेली. गुरुजी दोनदा घरी आले. आई पाठवते म्हणाली. मग आईला पुन्हा दिवस गेले, आणि पाठची बहीण झाली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. त्यानंतर गुरुजी आले नाहीत. मी शाळेच्या वयाची झाले तेव्हा आई म्हणाली, एक तरी शिकू दे. थोरली पुढं होऊन म्हणाली, ती जाऊ दे, मी आहे ना. फळीवरचा निळा स्कर्ट तिनंच काढला, दुमड आत घालून आखूड केला आणि मला घातला.

मी घरी आले की ती पहिल्यांदा विचारायची, आज काय शिकवलं? मी सांगायची, ती भावाला भरवता भरवता ऐकायची. गणितं तर माझ्या आधी तोंडी सोडवायची आणि टपली मारायची. चौथीपर्यंत हे चाललं. मी पाचवीत, त्या नदीपलीकडच्या शाळेत गेले. पहिल्या दिवशी घरी आले, इंग्रजीची अक्षरं सांगायची म्हणून तोंड भरून आले होते. ती धाकटीची वेणी घालत होती. तिनं काही विचारलं नाही. मी दप्तर ठेवलं, जेवले, तरी नाही. मग पुन्हा कधीच विचारलं नाही. त्या दिवशी मला रडू आलं होतं आणि कशाचं ते सांगता येत नव्हतं.

साहेबाला दिलेल्या त्या उत्तराबद्दल आई एकदाच बोलली. तोवर मालकानं शेडही बंद करून टाकली होती. पानं आणि तंबाखू घरी न्या, विड्या वळून आणून द्या, अशी नवी पद्धत. घरखेप म्हणायचे तिला. बाया आधी खूश झाल्या, पोरं डोळ्यापुढं राहतील म्हणून. घरी काम म्हटल्यावर कसला कायदा आणि कसलं पाळणाघर! माल नापास करायला मात्र मुकादम होताच. आई आणि थोरली समोरासमोर सुपं घेऊन बसल्या होत्या. आई एकदम म्हणाली, "तोंडातून निघून गेलं गं. मी तसं म्हणणार नव्हते." थोरली वळत असलेली विडी पुरी करून म्हणाली, "मला माहितीय." एवढंच.

तिचं लग्न सोळाव्या वर्षी मागच्याच गल्लीत झालं. नवरा टेम्पोवर हमाल. तीन मुलं, पैकी थोरली मुलगी. मी मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले, सरकारी कचेरीत क्लार्क लागले. आमच्या सगळ्या वस्तीत पहिली. पेढे बहिणीनं वाटले. पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली. बाळंतपणाची रजा संपत आली आणि मी घाबरले. सासूबाई गावी, नवऱ्याची नोकरी देवळाली कॅम्पला, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. कचेरीत आम्ही इतक्या बायका, पण पाळणाघराचं नाव काढलं की लोक हसायचे. गंगापूर रोडला एक बाई मुलं सांभाळायची, तिची फी ऐकून मी जिन्यावरूनच परत आले. बहिणीनं तान्हीला माझ्याकडून घेतलं, डाव्या कडेवर ठेवलं आणि म्हणाली, मला काय नवीन आहे का ह्यात? कामावर जा.

कचेरीत साहेबांनी विचारलं की लहान मूल आहे म्हणे तुम्हाला, सारख्या रजा टाकणार नाही ना? मी सांगितलं, माझी बहीण सांभाळते. ते म्हणाले, वा, मग काही प्रश्नच नाही. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

मुलगी दीड वर्षाची असताना एक दिवस कचेरी दुपारी सुटली, कुणी मोठे अधिकारी वारले होते. मी बसनं पेठ नाक्याला उतरले आणि बहिणीच्या गल्लीत शिरले. तिचा धाकटा दारात खेळत होता. मला बघून तो आत ओरडला, मावशी आली! आत भांडं पडल्याचा आवाज झाला, कुणीतरी धावलं. मी दारात पोचले तेव्हा बहीण सुपापुढं बसली होती आणि माझी मुलगी तिच्या मांडीवर. सूप अर्धं सांडलेलं. दोघींच्या अंगावर तंबाखू.

मी चप्पल काढत सहज विचारलं, तुझी थोरली कुठंय?

"शाळेत गेलीय," बहीण म्हणाली. अजिबात न अडखळता.

माझी मुलगी मांडीवरून उतरली, दुडुदुडु कोपऱ्यात गेली आणि पानांच्या पोत्याला हात लावून म्हणायला लागली, ताई, ताई. पोत्यामागून एक वेणी दिसत होती. मला हसू आणायचं होतं. मी म्हणाले, बाहेर ये गं, मी काय साहेब आहे? कुणी हसलं नाही. भाची बाहेर आली. नऊ वर्षांची पोर. आधी आईकडं बघितलं, मग खाली. माझी मुलगी तिच्या पायांना बिलगली, तशी तिनं तिला उचलून सवयीनं डाव्या कडेवर घेतलं.

बहीण म्हणाली, "माल द्यायचाय उद्या. दोन्ही हात लागतात. चारच दिवस ठेवलीय."

शब्द तिचे तिलाच ऐकू आले. हातातलं पान तिनं सुपात ठेवलं आणि डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, धरणी दुभंगावी. त्या मुलीच्या कडेवर माझी मुलगी होती. मी तिला घ्यायला हात पुढं केले तर ती माझ्याकडं येईना, ताईच्या गळ्याला घट्ट धरून बसली.

मी कचेरीत रजा टाकली. घरी बसून गल्लोगल्ली विचारलं, एखादी म्हातारी, एखादी विश्वासाची बाई. कुणी मिळालं नाही. चार दिवसांनी साहेबांचा निरोप आला की यायचं असेल तर या, नाहीतर तसं लिहून द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला घेऊन बहिणीच्या दारात उभी राहिले. बहीण आत चुलीपाशी होती, ती बाहेर आली नाही. भाची उंबऱ्यावर वाट बघत होती. अंगात शाळेचा निळा स्कर्ट, केस विंचरलेले, दप्तर मात्र कुठं दिसत नव्हतं. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तू जा मावशी. माझी शाळा आज दुपारची आहे." आणि हात पुढं केले.

मी बरं म्हणाले आणि बस पकडायला निघाले.